ओल्या रंगाचं दार

"मोबाइल खाली ठेवा सगळ्यांनी," दिवे गेल्यावर मामा म्हणाले. "मध्येच खिदळायचं असेल तर आत्ताच उठा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, त्याच्या घरचे पडदे मीच शिवलेत."

मामांचं शिवणाचं दुकान होतं. आम्ही भाचरं सरकून त्यांच्याजवळ बसलो.

"रविवार होता. संध्याकाळी पडदे लावायला मी त्याच्याकडे गेलो. त्याचं नाव कशाला घ्या, दुकानात आम्ही त्याला दीडशहाणाच म्हणायचो. जुनं घर. खाली म्हातारी आई एकटी. वरची खोली ह्याची लहानपणची. ती रंगवून सोमवारपासून भाड्याने द्यायची होती. भिंती गुळगुळीत केलेल्या, दाराला ताजा ऑइलपेंट, पलंग इतका नवा की त्याचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. आणि हा मधोमध कमरेवर हात ठेवून उभा, जणू भिंती ह्यानेच जन्माला घातल्या!

आई जिना चढून वर आली. म्हणाली, 'छान झाली रे खोली. भाडेकरूला एवढंच सांग, रात्री दार लावू नका. नुसतं लोटून ठेवा.'"

"का?" धाकटीने विचारलं.

"त्या खोलीत ह्याची पाठची बहीण तापाने गेली होती. एवढीशी पोर. बंद दाराची तिला फार भीती. आणि हाच दिवटा तिला आत कोंडून बाहेर हसत उभा राहायचा. ती गेल्यापासून आईने ते दार एकदाही लागू दिलं नव्हतं.

'आई, पुरे झालं तुझं खूळ,' हा म्हणाला. माझ्यादेखत! 'दार न लावता कोण राहील इथे? आज मी झोपतो, कडी घालून. सकाळी धडधाकट बाहेर आलो, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.'

म्हातारी जिना उतरू लागली. जिन्यात मला म्हणाली, 'ह्याचं काही नाही हो. ती घाबरेल.'

अरे, ओल्या रंगाचं दार घट्ट लावलं की चौकटीला चिकटतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण अक्कल वाटत होते तेव्हा हा रांगेत उभा राहून वाटणाऱ्यालाच शिकवत असणार!"

थोरल्याला हसू आलं. मामा हसले नाहीत.

"पावणेदोनला टकटक झाली. हळू. दाराच्या पार खालच्या अंगाला. 'आई, जा, झोप!' हा पलंगावरूनच खेकसला. टकटक थांबली.

पुन्हा झाली...

हा तणतणत उठला. आईची खरडपट्टी काढायची म्हणून दारापाशी गेला. कान लावला. बाहेर काही नाही.

आणि मग... टकटक. त्याच्या गुडघ्यापाशी.

आतून."

आमच्यातलं कुणीच हललं नाही.

"कडी काढली. दार ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं... चिकटलेलं. अंधार. शेजारी श्वास. बारीक. हुंदका गिळावा तसा... सगळी घमेंड गळाली. ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही.

जिना वाजला. आई. दाराला खांदा लावून हळूच म्हणाली, 'घाबरू नकोस गं राणी. आले मी. दादाला धरून उभी राहा.'

करकरत दार उघडलं."

"मग?"

"मग काय! साहेब उंबऱ्यात बसून ढसाढसा रडले. खोली काही भाड्याने गेली नाही. आता स्वतःच दार लोटून झोपतात म्हणे."

मामांनी आवाज खाली आणला.

"पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला. त्या रात्रीचा सदरा घेऊन. मान खाली. त्या रात्रीचं सगळं त्यानेच तेव्हा मला सांगितलं. 'मागची चुणी जात नाही. बघता का?' मला हसूच आलं. एवढा मोठा माणूस, एका सुरकुतीला भ्यायला! पाणी मारलं, इस्त्री दाबून फिरवली. कापड कागदासारखं सपाट. खुंटीला लावलं आणि दुकान बंद करून घरी आलो.

सकाळी बघतो तर... सदऱ्याच्या पाठीमागे, अगदी खालच्या टोकाला, कापड गच्च आवळलेलं. एवढंसं."

मामांनी अंधारात हाताची मूठ करून दाखवली. मग ती आवळून आणखी लहान केली.