तीन नंबरात कोण हाय?

शेवट वळखायचा असंल तर आत्ताच वळखा. मागनं म्हणू नका, आम्हाला माहीतच होतं. मागं एकजण छाती ठोकून बोलला, वॉचमनच भूत निघतो. त्याला म्हणलं, हरलास, जा, सगळ्यांना चहा सांग. बघू तुम्हाला जमतंय का.

पिंपळगाव बसवंतचा महेबूब टेम्पोवाला. बायको नूरबानो पाच वर्षांमागं गेली. घरात तो आन पोरगी अरफा, दोघंच. अरफा पॅकहाऊसला द्राक्षाचे घड निवडायची आन मोबाईलवर भुताच्या गोष्टी लिहायची. वर्षभर लिहिलं, वाचणारे सात. त्यातबी दोनदा तिनंच मावशीच्या फोनवरनं उघडलेली.

एक दिवस ताटावर बसून तोंड पाडलं. "अब्बा, लिहिते मी बरी. पण कुणी उघडतच नाय. उघडलंच नाय तर वाचणार कसं?"

"तू वरच्या वरच सगळं सांगून टाकतीस," महेबूब म्हणला. "'चेटकिणीनं मास्तरला खाल्लं.' खाल्लं ना? मग आत जाऊन काय हाडं मोजायची? पेटीवर कागद झाकलेला असला की व्यापारी बोट घालून बघतोच. उघड्या पेटीकडं ढुंकत नाय. झाक काहीतरी."

"काय झाकू?"

महेबूब मिस्कील गडी. हसला. "सहादू वरडतो ना, तेच नाव दे गोष्टीला."

सहादू म्हणजे पॅकहाऊसचा वॉचमन. कोल्ड स्टोअरच्या खोलीचं दार लावायच्या आधी आत तोंड घालून तीनदा हाक मारायचा, "आत कोण हाय?" चुकून कोणी आत राहिलं तर गारठून मरायचं, म्हणून ही रीत. पण रिकाम्या, बंद खोलीत ती हाक मारायची नाय. का, म्हणून विचारलं तर सहादू एवढंच म्हणायचा, "हाक गेली की कुणाला तरी ओ द्यावी लागती." महेबूबला हे ठाऊक होतं. तरी गंमत म्हणून बोलून बसला.

जून लागलेला. हंगाम सरून मशीन बंद, खोल्या रिकाम्या. अरफानं तीन नंबरच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं आन आतल्या एका पालथ्या क्रेटचा फोटो काढला. तो नव्या गोष्टीला लावून वर नाव टाकलं, 'तीन नंबरात कोण हाय?'

सांजेपर्यंत चारशे जणांनी उघडली. दुसऱ्या दिवशी अकरा हजार. आन लोक खाली लिहायला लागले. नामपूरची एक बाई: 'क्रेटवर माझी सासू बसलीय. जाऊन तीन वर्षं झाली.' पेठचा एकजण: 'हा माझा भाऊ. विहिरीत गेलेला. अजून ओला हाय.'

"टवाळ हायेत लेकाचे," महेबूब म्हणला.

पोरगी हसली नाय. "अब्बा, मला तर नुसता क्रेट दिसतो. ज्याचं माणूस त्यालाच दिसतंय..."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी महेबूब हायवेला टेम्पो लावून चहा पीत होता. उघडणाऱ्यांचा आकडा चाळीस हजारावर गेलेला. त्यानं आजवर ती गोष्ट उघडली नव्हती. आत नूरबानो दिसली तर काय करायचं, आन नाय दिसली तर काय करायचं, कळत नव्हतं. शेवटी बोट लावलंच.

नूरबानो नव्हती. क्रेटवर अरफा बसलेली. सकाळी घालून गेली तीच पिवळी ओढणी. भुवया बर्फानं पांढऱ्या.

चहा तिथंच राहिला. फोन लावला, नुसता वाजत राहिला. टेम्पो कसा हाणला त्याचं त्याला ठाऊक. गेटवर सहादू.

"पोरगी आलीय का?"

"मघाच आली. लोकांना दुसरा भाग पाहिजे म्हणं. फोटो काढायला तीन नंबरात गेलीय."

"मशीन चालू हाय?"

"कशाची मशीन, महेबूबभाई? वायर काढून नेलीय एप्रिलातच."

बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. महेबूबनं तीन नंबरच्या कडीला हात घातला आन हात कडीला चिकटला. गार... कातडं सोलून निघालं. दार ओढलं तशी वाफ अंगावर आली. गंधकाचा वास, त्याच्याखाली ओल्या मातीचा. अंधारात क्रेटवर अरफा. हातात फोन, आकडा पळतोय. आन दर आकड्याला अंधारातनं एक हाक. बाईची, म्हाताऱ्याची, लहान लेकराची...

"आत कोण हाय?... आत कोण हाय?..."

"अब्बा," अरफाचे ओठ निळे पडलेले. "लय जण हाका मारतायत. ओ दिल्याबिगर थांबणार नायत... देऊ का?"

तिनं तोंड उघडलं. महेबूबनं तिच्या तोंडावर तळहात दाबला आन अंधाराकडं तोंड करून म्हणला, "मी हाय. महेबूब."

हाका गप झाल्या.

सहादू पळत आला तर अरफा बाहेर उन्हात पडलेली, दार आपोआप लागत होतं. त्यानं परत उघडलं. खोली भट्टीसारखी गरम. क्रेट तेवढा होता, महेबूब नव्हता. त्या खोलीला दुसरं दार नाय, खिडकी नाय.

त्या दिवसापासनं फोटोत सगळ्यांना एकच दिसतं. क्रेटवर बसलेला एक दाढीवाला टेम्पोवाला. लोक उघडत होते ते आपलं कोणी आत असंल म्हणून. परक्या म्हाताऱ्याला कोण बघतंय? आठ दिवसांत पांगले सगळे. पुसून टाकायला अरफाचा हात धजला नाय. पुसलं तर अब्बा जाणार कुठं?

ती एकटी रोज उघडायची. मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं. तिनं बोट लावलं की अब्बाचे ओठ हलतात. ओ देतोय तो. आन दर वेळी ओ दिली की दाढीत बर्फ वाढतोय.

तवापासनं तिनं उघडणं सोडलं. बाप गेला, त्याचं तोंड बघायचंबी गेलं.

तरी रोज भर दुपारी, अब्बानं बोट लावलं होतं त्याच वेळेला, आकडा एकानं वाढतो. कोण बोट लावतं, ठाऊक नाय. त्या वेळेला अरफा अंगणात उन्हात जाऊन उभी राहती, आन तिचे दात वाजत असतात.