फेस न येणारी बाटली

शेजारच्या लहान मुलीच्या चेहऱ्याची सालं निघाली, आणि त्याच सकाळी सुताराच्या बायकोचं नाव मातीत गेलं. ती जाऊन महिना झाला होता. पण फेसवॉश तिने घरी बनवून विकलेला होता, बाटलीवर चित्रही तिचंच होतं. स्वतः गेली आणि पोरीला भाजून गेली, असं जिन्यात कुणीतरी बोललं.

संध्याकाळी सुतार हेरबाईंकडे आला. बसला नाही.

"मेलेलं माणूस उलट उत्तर देत नाही, म्हणून सगळं तिच्या माथी. कुणी केलं ते शोधा."

हेरबाई आणि त्यांचे सोबती मास्तर आधी त्याच्या घरी गेले. बायकोने वापरलेल्या जुन्या बाटलीने मास्तरांनी हात धुतले आणि कुरकुरले, की फेस कंजूष मामासारखा, बोलावूनही येत नाही. मुलीच्या घरच्या बाटलीचा फेस मात्र कोपरापर्यंत चढला. मास्तर खूश झाले.

कच्चा माल विकणारा दुकानदार प्रश्न ऐकूनच भडकला. सुताराची बायको वर्षानुवर्षं नारळ-साखरेपासून केलेला, मधासारखा दाट, सौम्य माल न्यायची. भरपूर फेसाची स्वस्त पांढरी पूड त्याने दाखवली, तेव्हा ती त्याच्यावरच ओरडली होती, की चेहरा आहे, कढई नाही. नंतर पूड कुणी नेली, ते त्याला आठवत नव्हतं.

बहिणीमागे धंदा बघणारी मेहुणी रडली. शेवटचा घाणा ताईनेच केला, म्हणाली.

"नाकाला फडकं बांधून माल मोजत होती. मी समोरच होते."

फेसवॉश बनवायच्या त्या खोलीत फडकं खिळ्याला लटकत होतं.

दुसऱ्या दिवशी हेरबाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं आणि त्या मेहुणीकडे वळल्या.

"मधासारखा माल ओतताना नाक कोण बांधतं? उडते आणि झोंबते ती पूड. दुकानदार चुकला म्हणावं, तर दाट माल आणि पूड यांत आंधळाही चुकणार नाही. ताईंनी तर पुडीला हात लावायचंच नाकारलं होतं. फडकं बांधलेलं होतं, हे खरं. पण तुमच्या नाकाला."

"म्हणजे तो फेस..." मास्तर म्हणाले.

"पुरावा तुमच्या कोपरापर्यंत आला होता, मास्तर."

मेहुणीने मान खाली घातली. "लोकांना फेस हवा असतो, दाजी. गिऱ्हाईकं तुटत होती."

"मग चित्र तुझं लावायचंस," सुतार म्हणाला.



त्या घाण्याच्या बाटल्या अजून लोकांच्या न्हाणीघरांत आहेत. त्यांवर सुताराच्या बायकोचंच चित्र आहे. सगळ्या परत आलेल्या नाहीत.