सतरा नंबरचा भूकान

टेंबवाडीच्या एसटी थांब्यावरचा फळा हिरवा होता. 'डोंगर स्थिर', आणि खाली वेळ: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. २०७४ साली कोकणात पाऊस दिवाळीपर्यंत लांबायचा, आणि डोंगराखालची माणसं हा फळा पाहूनच ठरवायची, भात कापायला जायचं की सामान बांधायचं.

भूनिरीक्षण केंद्राची ऋजुता केळुसकर एसटीतून उतरली ती एक बिघडलेला भूकान बदलायला.

भूकान म्हणजे हातभर लांबीची पोलादी मेख. ती जमिनीत घट्ट ठोकायची. डोंगर सरकण्याआधी आतले मातीचे कण एकमेकांवर घासतात. ती कुरकुर माणसाला ऐकू येत नाही, मेखेला येते. मिनिटाला किती कुरकुरी झाल्या ते ती मोजते, स्वतःच्या स्मृतीत लिहून ठेवते आणि बिनतारी संदेशाने केंद्राला कळवते. एकटी मेख फसू शकते. जवळ खेकडा बीळ करतो, म्हैस अंग घासते. म्हणून केंद्राने 'एकमत' आणलं होतं. एखाद्या भूकानाची नोंद शेजाऱ्यांशी जुळली नाही की तो आजारी ठरायचा, आणि त्याच्या नोंदीच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी लागायची. या नियमाने खोटे इशारे जवळजवळ संपले. फळ्यावर लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

वाडीत एकवीस भूकान होते, एकेका घराच्या राखणीत. बॅटऱ्या बदलायचं काम दत्ताराम मेस्त्री या सुताराकडे होतं. तोच तिला शेवंता गोताडच्या परसात घेऊन गेला.

"काढून ने बाय त्याला," शेवंताकाकी पायरीवरून म्हणाली. "येडा झालाय म्हणतात. वाडीत सगळे एक बोलतात, हा दुसरंच."

"काकी, तुमच्याच घरचं वळण लागलं असेल," मेस्त्री म्हणाला.

ऋजुताने भूकानाच्या डोक्याला चुंबक टेकवलं. दिवा लुकलुकला आणि त्याची स्मृती तिच्या टॅबवर उतरू लागली. काढण्याआधी मूळ नोंद वाचावी असं पुस्तिकेत लिहिलं होतं. सहसा कोणी वाचत नसे.

सप्टेंबरभर मिनिटाला चार-पाच कुरकुरी. नऊ दिवसांपूर्वीपासून बारा, मग चाळीस. आज सकाळी तीनशे दहा.

तिने बाकीचे वीस उघडले. त्याच दिवसापर्यंत चार-पाच, आणि नंतर शून्य. डोंगर कितीही शांत असला तरी शून्य येत नाही.

"मेस्त्री, नऊ दिवसांपूर्वी काय झालं होतं?"

त्याने बोटांवर मोजलं. "खंडेनवमी. हत्यारं पुजली सगळी. रंधा, करवत, कोयते. आणि हे पण. आपली राखण करतात ना? उपटले, धुतले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या भोकात परत."

"ठोकून?"

"पुजलेल्या वस्तूवर घण कसा घालायचा, मॅडम? हलक्या हातानं बसवले. वरून मऊ माती दाबली."

"आणि सतरा नंबर?"

"आमच्याकडं सुतक होतं," काकी म्हणाली. "दीर गेले. आमचा पूजेला चालत नव्हता."

ऋजुताने केंद्रात साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "वीस विरुद्ध एक आहे. चाळीस घरं उठवलीस आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी कोणी उठणार नाही."

हे खरंच होतं. तिने मेस्त्रीला नऊ नंबरचा भूकान नीट ठोकायला सांगितलं. त्याने आधी हात जोडले, मग घण उचलला. वीस मिनिटांनी आकडा आला: दोनशे अठ्ठ्याण्णव. तिला हायसं वाटलं. आता दोघं झाले. तेवढ्यात टॅबवर ओळ उमटली. 'भूकान नऊ आजारी. नोंद दुरुस्त केली.'

"खरं बोलला की आजारी?" मेस्त्रीने विचारलं.

"एकोणीस जण बहिरे आहेत, आणि त्यांचं एकमत आहे."

सगळे ठोकून होईपर्यंत थांबायचं का? सतरा नंबर आता तीनशे साठ सांगत होता.

"घरं रिकामी करू," ती म्हणाली.

मेस्त्री घण हातात घेऊनच दारोदार फिरला. एकाने थांब्याकडे बोट दाखवलं. फळा हिरवाच होता.

"फळा राहू दे," मेस्त्री म्हणाला. "चूक माझी आहे. चल, उठ."

दुपारी एकपर्यंत सगळी वाडी पऱ्ह्याचं पाणी ओलांडून पलीकडच्या शाळेत पोचली. पावणेचारला डोंगर आला. आधी झाडं उभीच्या उभी पुढे चालू लागली, मग आवाज. सात घरं दिसेनाशी झाली.

माणसं दोनदा मोजली. सगळी होती, काकीची शेळीसुद्धा. कोणीतरी हसलं, कोणीतरी रडलं, आणि चुलीवर चहाचं आधण चढलं. ऋजुता भिंतीला टेकून बसली. कितीतरी तासांनी छातीभर श्वास येत होता. एकमताचा नियम बदलतो, असं साहेबांनी फोनवर कबूल केलं होतं.

काकीने तिला चहा दिला. "तुला सांगते बाय, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. गेल्या आठवड्यापासून मागलं दार अडत होतं. फळा बघितला तर हिरवा. म्हटलं, लाकूड फुगलं असेल. रंधा मारून घेतला."

"तुमचं पण?" शेजारची बाई वळून म्हणाली.

ऋजुताने कप खाली ठेवला. जमीन सरकू लागली की आधी चौकटी तिरक्या होतात. "आणखी कुणाची दारं अडत होती?"

एक हात वर आला. मग दुसरा. हात वर करणारा प्रत्येकजण बाकीच्यांकडे बघत होता.

मेस्त्रीने हात वर केला नाही. त्याचा चहा तसाच होता.

"अकरा," तो म्हणाला. "नवमीपासून अकरा दारं रंधली मी. प्रत्येक घरी सांगितलं, डोंगर स्थिर आहे, दार वाकडं झालंय."