कच्चा कान

दुसऱ्याच्या कानावर शिक्का मारणाऱ्या गुरुजनहो, तुमचा स्वतःचा कान शेवटचा कोणी तपासला होता? गादीवर बसलात, शाल पांघरलीत आणि समोर मान खाली घालून बसलेल्या पोरीला चारचौघांत ‘कच्चा कान’ म्हणून मोकळे झालात... त्या दोन शब्दांनी तिच्या जिवाचं काय झालं, हे बघायला तुमच्यातला एक तरी मागे वळला का?

काळाचौकीच्या चाळीत, गुरुपौर्णिमेच्या दुपारी, खीर ढवळताना वैदेही हाच प्रश्न गिळत होती. बाहेरच्या खोलीत तिच्या वडिलांच्या, नानांच्या, म्हणजे गंगाधर मास्तरांच्या, गाण्याच्या क्लासची मुलं सतरंजीवर जमली होती. मास्तरांच्या मागे तंबोरा घेऊन बसायची जागा लहानपणापासून तिची. आज त्या जागेवर तिची भावजय ओवी बसली होती, कारण यंदा तंबोरा ओवीच लावील, असं नानांनी कालच सांगून टाकलं होतं.

ओवीला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. ऑफिसच्या बसमध्ये फोनवर सूर ओळखायचे खेळ खेळून तिने कान तयार केलेला, आणि कान तरी कसा... मोरीत वाटी पडली की ही आतून सांगणार, कोमल गंधार! वैदेहीचा भाऊ वरद बायकोच्या कौतुकाने हसायचा, नाना मांडीवर थाप मारायचे. घरात कोणी नसताना वैदेहीने तीच वाटी पुन्हा आपटून पेटीवर पडताळून पाहिली होती. कोमल गंधारच. तिने ती वाटी फळीवर पार मागे ढकलून दिली. मत्सर माणसाला इतकं लहान करतो, वाटीशी वैर धरायला लावतो!

पण तिच्या मत्सराखाली एक गुपित होतं, आणि ते तिने एकटीने वाहिलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नानांनी तंबोरा लावला होता आणि वैदेही सहज म्हणून गेली होती की पंचम उतरलाय. नानांनी मुलांना विचारलं. मास्तरांसमोर कोण तोंड उघडणार? “आमच्या वैदेहीचा कान कच्चाच राहिला,” नाना म्हणाले आणि मुलं हसली. पुढे कानातला मळ काढायच्या निमित्ताने ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं, की मशीन लावून बोलणं ऐकू येईल, पण सूर यांना आता खरा ऐकू यायचा नाही. पेटीवर नानांचं चुकत नसे, पट्टी डोळ्यांना दिसते. तंबोऱ्याची तार मात्र कानानेच जुळवावी लागते.

तिने घरात कोणालाच सांगितलं नाही. क्लास सुटला तर या माणसाचा श्वास सुटेल, हे तिला ठाऊक होतं. नाना तंबोरा लावून गॅलरीत तंबाखू मळायला गेले, की ती हळूच बसायची, तारांवरचे मणके सरकवून सूर जागेवर आणायची आणि उठायची. मुलं म्हणायची, मास्तरांच्या तंबोऱ्यासारखा तंबोरा गिरणगावात नाही. वैदेही भांडी घासायची... कच्च्या कानाची म्हणून.

आज ओवीने तारा जुळवल्या. आतून ऐकणाऱ्या वैदेहीच्या काळजात चर्र झालं. केसभरही चूक नव्हती.

“चढलाय,” नाना म्हणाले. “उतरव.”

“नाना, बरोबर आहे की.”

“मी सांगतोय ना, उतरव!”

क्षणभर, खोटं कशाला बोला, वैदेहीच्या मनात गुळाचा खडा विरघळला. घे. आता तुझ्याही कपाळी तोच शिक्का. पण ओवी गप्प बसणारी नव्हती. तिने फोन उचलला, सूर मोजायचं अॅप उघडलं आणि म्हणाली की काटा बघा ना, मधोमध आहे. मुलं माना उंचावून बघू लागली. वैदेहीने दारातून नानांचा चेहरा पाहिला. भर बाजारात धोतर सुटलेल्या माणसाचा असतो तसा.

ती पुढे झाली आणि फोनवर हात ठेवला. “राहू दे, ओवी. मघाशी मणका मी हलवला. माझीच चूक.”

“कच्च्या कानाने हात लावू नये,” नाना पुटपुटले.

ती स्वयंपाकघरात आली. मागोमाग ओवी, डोळे भरलेले. “ताई, तंबोऱ्याला तुम्ही हातही लावला नव्हता. मी समोरच होते. नानांना सूर कळतच नाही, म्हणजे रोज तुम्हीच तो जुळवत होता...?” वैदेही पुन्हा खीर ढवळू लागली. ओवीने तिचा हात धरला. “आणि मी मेली मिरवत होते!” ती रडू लागली. मग वैदेहीलाही राहवलं नाही. फळीच्या मागची ती वाटी तिने काढली आणि पहिली खीर त्या वाटीत घालून भावजयीच्या हातात दिली.

दारात नाना उभे होते. किती वेळचे, कोण जाणे.

“मला माहीत होतं, वैदू,” ते भिंतीला धरून म्हणाले. “मी मणके जिथे ठेवून जायचो तिथे ते परत कधी नसायचे. कान गेला, डोळे आहेत ना. तू सुधारतेस हे कळायचं आणि आत आग लागायची. माझ्याच पोरीच्या कानाचा मला हेवा वाटला गं... म्हणून हिला बसवली. हिला काही माहीत नव्हतं.” पुढचं बोलणं हुंदक्यात गेलं. “मला क्षमा कर.”

वैदेहीने पदराने त्यांचे डोळे पुसले. किती वर्षं या शब्दांची वाट पाहिली होती! तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि दाराकडे वळवला. बाहेर मुलं ताटकळली होती, तंबोरा भिंतीला टेकून उभा होता.

“इथे चुलीपाशी नको, नाना. कच्चा म्हणालात ते बाहेर म्हणालात, सगळ्यांसमोर. चला. मी तंबोरा लावते, तुम्ही माझ्या शेजारी बसा, आणि या मुलांना सांगा... कोणाचा कान कच्चा?”