जिथं टोपी उडत न्हाई

रझाकारांची धास्ती सरली, गोरेगावचा बाजार पुन्हा भरू लागला, आणि त्याच बाजारात एका माणसाची टोपी उडून दुकानाच्या छपरावर जाऊन बसली. बुटका गडी, उड्यांवर उड्या मारून राहिला होता! मी नुसता हात वर केला अन् टोपी काढून दिली.

"मोठ्या ग्रहावर जन्मायला पाहिजे होतं मी," तो लाजून म्हणला. हा हरिचंद, शाळेवरचा नवा मास्तर.

"काहून?"

"तिथली जमीन लई जोरानं खाली ओढती. टोपीसुद्धा उडायची न्हाई. माणसं माझ्यासारखी बुटकी, जाड पायाची. घरं बसकी. लगीनसुद्धा बसूनच लावत असतील."

"आन् माझ्यासारखी लांबुडकी?"

"तिथं न्हाईच..." त्यानं मान वर करून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "म्हणून तर — इथंच बरंय."

अगं बाई! मी मीठ घ्यायचंच विसरले.

असे चार बाजार गेले. मग मीच म्हणलं, "मागणी घाला, मास्तर." मला घाई होती. उंचीपायी दोन पाहुणे परत गेले होते. आता हेही गेले, तर बाबा मला बाळापूरच्या बिजवराच्या गळ्यात बांधणार होते.

पाहणीला हरिचंदची आई, शकुबाई, लेकाच्या उंचीचं सूत घेऊन आली. पोरगी सुताहून कमी भरली पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. मी काय करावं? लुगड्याच्या आत गुडघे वाकवले! पाय लटलट कापून राहिले, पण सूत डोक्यावर उरलं. बाबा खुश.

"मिराबाई," हरिचंद हळूच म्हणला, "ताठ उभ्या ऱ्हा."

मी मान हलवली... न्हाई.

"मला तुमीच पाहिजेत. जेवढ्या हाईत, तेवढ्या."

झालं! मी ताठ झाले. सूत वीतभर कमी पडलं. बाबांचा चेहरा उतरला. शकुबाई माझ्याकडं वर पाहतच राहिली.

"आमच्या घरात समदे बुटके," ती म्हणली. "शिंक्यावरचं दही काढायला शेजारणीला हाका मारण्यात जन्म गेला माझा. ही पोरगी मला पसंत!"

हुश्श! मी रडत रडत हसले आणि साऱ्यांदेखत हरिचंदकडं पाहिलं. तो टोपीनं घाम पुसून राहिला होता. बिचारा, माझ्याहून जास्त भ्यालेला.