आरशात पाहिलेलं गाव

"अहो, जरा सरकता का? तुम्ही माझ्या सिनेमात येताय!"

पायरीवर बसून संत्रं सोलणाऱ्या माणसाने मान वर केली. अंगात खाकी शर्ट, कपाळापर्यंत ओढलेली टोपी, आणि टोपीखाली हसू आवरणारे डोळे.

"सिनेमा? कॅमेरा कुठे दिसत नाही तो."

"हा काय!" तिने मोबाइल हलवून दाखवला.

"बरं. मग मी यात कोण? हिरो की व्हिलन?"

"तुम्ही अडथळा."

तो खो खो हसला आणि सरकला... पण जेमतेम वीतभर. तिने मोबाइल डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. पायऱ्या दगडाच्याच होत्या, वर चढत जाणाऱ्याच होत्या. पण कठडा भलतीकडेच. घड्याळाचा मनोरा तर दिसतच नव्हता.

"या त्या नव्हेत," ती पुटपुटली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

"काय शोधताय ते तरी सांगा. सकाळपासून बघतोय मी. जिथे वळायचं तिथे तुम्ही बरोब्बर उलट्या बाजूला वळता. आणि तेही छाती पुढे काढून! इतक्या ठामपणे वाट चुकणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं."

"तुम्ही माझ्या मागावर आहात की काय?"

"मी नाही, तुम्हीच माझ्या मागे होतात. सकाळच्या बसमध्ये. चालकाच्या मागच्या सीटवर, खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेल्या." त्याने संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. "मी ती बस चालवतो. संध्याकाळी परत नेईन. तोवर मला काम नाही आणि तुम्हाला वाट नाही... म्हटलं तर जोडी बरी आहे."

फोड घ्यावी की नाही, या विचारात तिने ती घेऊनही टाकली होती. गोड होती.

तिने मग सांगितलं. लहानपणीचा एक सिनेमा. एक मुलगा, एक मुलगी आणि ठमी नावाची बकरी. ठमीला विकायला निघालेत, म्हणून ही दोघं तिला घेऊन घरातून पळतात, गावभर लपतात, आणि शेवटी मुलगा ठमीला खांद्यावर टाकून उंचच उंच पायऱ्या चढत जातो. तो सिनेमा याच गावात चित्रित झाला होता.

"बाबांचं सलून होतं," ती म्हणाली. "म्हणजे आहे. आता मी चालवते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायचे, मला तिच्यावर बसवायचे आणि कॅसेट लावायचे. माझे केस कापता कापता स्वतः गुणगुणायचे,

*ये गं ये गं ठमे, वाट झाली उभी,*
*ढगाच्या पदराशी कोवळी कोवळी लोंबी...*

म्हणायचे, एकदा जाऊ आपण त्या पायऱ्या बघायला. पण सोमवारी सलून बंद ठेवावं, तर नेमकं कुणाचं तरी लग्न निघायचं. जाऊ, जाऊ म्हणता..." ती थांबली. "गेल्या वर्षी बाबाच गेले. म्हणून मी आले. त्यांच्या वाटचं पण बघून घ्यावं म्हटलं."

संत्र्याची सालं त्याने नीट रुमालात बांधली आणि उठला.

"चला. सिनेमातलं काय काय दाखवू?"

"तुम्हाला माहीत आहे तो सिनेमा?"

"या गावात तो कुणाला माहीत नाही!" पण हे म्हणताना त्याचं हसू जरासं विझलं.

ते चालू लागले. पहाटेचं धुकं केव्हाच निवळलं होतं, पण भिंती अजून ओलसर होत्या आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास रस्ताभर पसरला होता. हीच ती बेकरी! मुलीने इथूनच पाव पळवला होता. बेकरीवालीने दारातूनच हाक मारली.

"काय रे हिरो! आज हिरॉइनसकट?"

त्याचे कान लाल झाले. पुढे एका पानवाल्यानेही तेच म्हटलं, "राम राम, हिरो!" आणि शेजारचे दोघं फिसकन हसले.

"तुम्हाला सगळे हिरो का म्हणतात?"

"म्हणतात... लहानपणापासून. गावाला एकदा एखाद्याचं नाव चिकटलं की..." त्याने हात झटकला. "आता सुटेन म्हणा. मी लांबच्या रूटसाठी अर्ज केलाय. रात्रभर गाडी हाकायची, दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायचं. मंजूर झालाय. उद्या सकाळी डेपोत सही केली की झालं."

"उद्या?" तिला स्वतःचाच आवाज चमत्कारिक वाटला. संत्र्याच्या एका फोडीची ओळख, आणि छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. छे, काहीतरीच. "म्हणजे ही बस..."

"दुसरा कुणी चालवेल. तुमच्या झोपेत काही फरक पडणार नाही."

"मी रोज झोपत नाही."

"रोज येणार होतात?"

उत्तराऐवजी ती भराभर पुढे गेली आणि अर्थातच चुकीच्या बाजूला वळली.

आणि थबकली.

समोर शिंप्याचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकासाठी माणसाच्या उंचीचा आरसा. त्या आरशात तिच्या पाठीमागचा अख्खा रस्ता उतरला होता. उतरती छपरं, कमान, कमानीपलीकडे घड्याळाचा मनोरा... सगळं जिथल्या तिथे! जसंच्या तसं! ती वळली, तर रस्ता परका. पुन्हा आरशात पाहिलं, तर तिच्या लहानपणीचा.

"अगं बाई..." ती मटकन शिंप्याच्या पायरीवर बसली.

"काय झालं? चक्कर आली का?" तो धावत आला.

ती हसत होती. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, आमचा टीव्ही खुर्चीच्या मागे होता! वर, फळीवर. मी तोंड आरशाकडे करून बसायचे. सगळा सिनेमा मी आरशात पाहिलाय... दरवेळी! म्हणून मला गाव उलटं पाठ आहे. डावं ते उजवं, उजवं ते डावं."

तो बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सकाळपासून तुम्ही चुकत नव्हतात. तुमच्या गावात अगदी बरोबर चालत होतात."

असं कुणी म्हणेल, हे तिला अपेक्षित नव्हतं. वेंधळी म्हणेल, हसेल, असंच वाटलं होतं. तिने ओढणीने डोळे पुसले. आरशातला टीव्ही, मध्येच त्याच्या आड येणारा बाबांचा कात्री धरलेला हात, मानेवर पडलेले केस फुंकून उडवणं... सगळं एकदम जवळ आलं होतं.

"चला," ती उठली. "आता मला वाट विचारू नका. मीच नेते."

आणि खरंच तिने नेलं. जिथे मन डावीकडे म्हणे, तिथे ती उजवीकडे वळे. कमान ओलांडली, धोब्यांचं अंगण ओलांडलं, आणि दोन भिंतींच्या फटीतून अचानक त्या समोर आल्या. उंचच उंच, मधोमध झिजलेल्या, टोकाशी आभाळ टेकलेल्या पायऱ्या. पायथ्याशी एक नळ ठिबकत होता.

ती पायथ्याशीच उभी राहिली. तोही. मग तो नळाकडे गेला, टोपी काढून काठावर ठेवली आणि वाकून तोंडावर पाणी मारू लागला.

तिची नजर सहज त्याच्या डोक्यावर गेली. कामाची सवय! माणूस भेटला की आधी केस बघायचे, मग चेहरा. बारीक कापलेले केस, आणि टाळूवर शेजारी शेजारी दोन भोवरे. एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे.



"हलू नका," ती म्हणाली.

"विंचू आहे का?"

"हलू नका म्हटलं ना!" ती जवळ आली. इतकी, की ओल्या केसांतलं थेंबथेंब पाणी तिला दिसत होतं. "तुम्ही... तुम्हीच आहात तो."

"कोण तो?"

"पाठमोरा मुलगा. पायऱ्या चढताना कॅमेरा अगदी डोक्यामागे आहे. त्या मुलाला दोन भोवरे आहेत. वर जाऊन तो वळतो, तेव्हा चेहरा येतो तो दुसऱ्याच मुलाचा. मी बाबांना सांगितलं होतं. दादाला सांगितलं, तर तो म्हणे, तू खुळी आहेस, मुलगा एकच आहे. पण बाबांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली आणि म्हणाले, पोरीची नजर न्हाव्याची आहे, बरोबर बोलतेय. आरशात सगळं उलटं होतं हो... पण हे दोन भोवरे उलटे झाले तरी तसेच दिसतात."

तो हळूच सरळ झाला. पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळत होतं, पण ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"शहरातून आणलेला तो मुलगा बकरीला घाबरायचा," तो म्हणाला. आवाज कोरडा झाला होता. "ठमी आमचीच. माझ्याखेरीज कुणाच्या खांद्यावर राहायची नाही. पहाटे, गाव उठायच्या आत चित्रीकरण केलं. मला बजावलं होतं, काही झालं तरी मागे वळायचं नाही. नाही वळलो. मी सगळ्या शाळेला सांगून ठेवलं, सिनेमात मी आहे म्हणून. अख्खं गाव थिएटरात. आणि पडद्यावर तो वळला..."

"आणि सगळे हसले."

"अजून हसतात. हिरो, हिरो!" तो कसनुसा हसला. "सिनेमाच्या शेवटी नावांच्या पाटीवर ठमीचं नाव आलं, माहितेय? माझं नाही. बकरीला जेवढा मान मिळाला ना..."

तिला हसू आलं आणि ते आवरेना. तो आधी रागावल्यासारखा बघत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं. दोघं त्या नळाशी पोट धरून हसली. हसता हसता तिने त्याच्या दंडावर हात ठेवला होता. लक्षात आल्यावर काढला... पण जरा उशिराच.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणतात," ती उगीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"इथे एकाचीच पंचाईत आहे अजून."

ती लाजली. मग म्हणाली, "चढा बघू. मी खाली थांबते."

"आता? या वयात?"

"बकरी नाही देत खांद्यावर. चढा."

तो चढू लागला. मोबाइल तिने पिशवीत टाकून दिला होता. पाठमोरी आकृती लहान लहान होत गेली, तशी ती सलूनमधल्या फळीवर पुन्हा जाऊन बसली. पाय लोंबकळत, मानेभोवती पांढरं कापड. तो शेवटच्या पायरीवर पोचला आणि तिने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"ए हिरो...!"

त्या हाकेत चेष्टा नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हती. त्याने वळून पाहिलं. चेहरा त्याचाच होता.

संध्याकाळी बस निघाली. ती त्याच्या मागच्याच सीटवर होती. समोर पत्र्याची पाटी लावलेली, चालकाशी बोलू नये. ती अख्खी वाट त्या पाटीकडे आणि पाटीखालच्या मानेकडे बघत राहिली. तो आरशातून मागचा रस्ता बघायचा. मागचा रस्ता जरा जास्तच वेळा बघत होता. नजरानजर झाली की ती खिडकीबाहेर पाही. बाहेर अंधारून येत होतं. एक एक थांबा मागे पडत होता आणि दर थांब्याला तिला वाटे, आता बोलावं... आता. पण पाटी होती, माणसं होती, आणि तोंडाला जणू कुलूप होतं.

शेवटी सलूनसमोरचा थांबा आला. ती उठली. दारापर्यंत गेली. पायरीवर एक पाय ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"उतरायचंय ना?" त्याने विचारलं. समोरच बघत.

"हो."

"मग...?"

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

बसमधली कुजबुज एकदम थांबली. पुढच्या सीटवर मांडीवर टोपली घेऊन बसलेल्या आजीबाईंनी कान टवकारले.

"उद्या सही करू नकोस," ती पुढे बोलत गेली, कारण आता थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं. "तू सही केलीस, तर ही बस रोज माझ्या दारावरून जाईल. मी कात्री खाली ठेवून बाहेर बघेन. आणि चालवणारा दुसराच असेल. लहानपणी एकदा माझ्या बाबतीत असं झालंय... आपलं माणूस म्हणून बघावं, तर चेहरा भलत्याचाच. मला ते परत नको. मला तूच हवा आहेस."

कुणी खाकरलं नाही की हसलं नाही.

"अरे बाळा," आजीबाईंनीच शेवटी तोंड उघडलं, "पोरीने सगळं बोलून टाकलं. आता तू काय हॉर्न वाजवणार आहेस का?"

त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. एवढ्या घरघरीनंतरची ती शांतता सगळ्यांना ऐकू आली.

"मंडळी, गाडी जरा थांबेल," तो म्हणाला.

"थांबू दे, थांबू दे! घर काय पळून जातंय?" आजीबाई टोपली सावरून ऐसपैस बसल्या.

तो आपल्या बाजूच्या दाराने खाली उतरला. ती दुसऱ्या बाजूने उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती, पिशवी छातीशी घट्ट धरून. बसला वळसा घालून तो पुढून आला. दिवे तसेच चालू होते. त्या झोतात त्याचा चेहरा लख्ख उजळला, पडद्यावर उजळतो तसा. आणि तो सरळ तिच्याकडे चालत येत होता.