बांधावरची बदली

मंगळवार, तेवीस डिसेंबर. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातला ललित डिंडोलीतल्या घरून निघाला तो सायकलच्या दिव्याची बॅटरी आणायला. मिळाली, बसवली आणि तसाच हजीऱ्याच्या रस्त्याला लागला. तुम्ही दोघं परवापासून तिथल्याच बांधांवर रात्रीचा सराव करणार म्हणता, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

ललितला मी ओळखतो. अमळनेरकडचा पोरगा, बमरोलीत कापडाच्या मागावर रात्रपाळी, बारा तासांची. तीन जानेवारीला माउंटन बाइकची रातभर शर्यत होती. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, झिंग्याच्या तळ्यांच्या कच्च्या बांधांवरून फेऱ्या मारत राहायच्या. ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. पहिल्या तिघांत आला तर सायकल क्लबवाले त्याला पोरांना शिकवायला ठेवणार होते. दिवसाचं काम, उघड्या हवेत. मागाच्या खडखडाटातून सुटायची त्याला एवढी एकच वाट दिसत होती.

पण रात्री माग, मग रात्रीचा सराव कधी? इथे सगळे करतात तेच त्याने केलं. बदली दिला. आपल्या जागी दुसरा माणूस, हजेरी मात्र आपल्याच नावावर. दगा आबा त्याच्याच गावचे, पन्नाशी उलटलेले. दिवसपाळी स्वतःची करायचे आणि रात्र ललितची. चौथ्या संध्याकाळी छाती चोळत म्हणाले, "मन्हा आंगमा आज दम नही, भाऊ. दुसरा कोनले तरी धाड."

"आबा, आजनी रात सांभाळी ल्या," ललित म्हणाला आणि टायरमध्ये हवा भरत राहिला.

पहाटे चारला आबा दोन मागांच्या मधे पडले ते उठले नाहीत. हजेरीत नाव ललितचं, आणि ललित तर जिवंत. म्हणजे कारखान्यात कोणी मेलंच नाही! शेठने प्रेत गेटबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवायला लावलं. मी जाऊन विचारलं तर समोर चहा ठेवून म्हणतो, दिवसपाळी करून घरी जाताना पडला असेल. पेपरात माझ्या बातमीच्या चार ओळी उरल्या, रस्त्यावर मजूर मृत. आबांची बायको सरलाबाई ललितच्या दारात येऊन बसली. त्याने पोलिसांत खरं काय ते सांगावं, एवढंच तिचं मागणं. त्याने लिहून दिलं, त्या रात्री मागावर मीच होतो. शेठने खूश होऊन त्याला पंधरा दिवस भरपगारी रजा दिली. सरावाला रात्रीच रात्री झाल्या. आता बोला.

तर तेवीस तारीख. बांधावर कडाक्याची थंडी, दोन्ही अंगांना काळं पाणी, लांब हजीऱ्याच्या कारखान्यांचे दिवे. तळ्यांचा राखणदार दत्तू, आपल्या नांदेडकडचा म्हातारा. ललितची फेरी झाली की तो झोपडीच्या पत्र्यावर खडूने एक रेघ ओढायचा.

रात्री अडीचला ललित पाणी प्यायला थांबला. त्याच्या हिशेबाने सात फेऱ्या झाल्या होत्या. पत्र्यावर रेघा अकरा.

"आत्ताच तर गेलास," दत्तू म्हणाला. "मी पाणी पुढं केलं, तू बघितलंसुद्धा नाहीस."

ललितला वाटलं, म्हाताऱ्याने दारू टाकलेली दिसते. नाहीतर दुसरा कोणी शर्यतवाला सराव करत असणार. हे दुसरं त्याला जास्त झोंबलं. पाणी तसंच ठेवून त्याने पायडल हाणलं.

पुढे लाल दिवा दिसला.

त्याने वेग वाढवला. अंतर तेवढंच. कमी केला. तेवढंच.

मग आवाज. खटक-खट... खटक-खट... वाटलं, आपलीच चेन. त्याने पाय थांबवले. चेन थांबली.

आवाज चालूच.

वळणावर पुढचा थांबला. त्याच्याखाली सायकल नव्हतीच. अंगात बनियन. केसांवर सुताचा पांढरा भुगा. पाठमोरा...

इथे एक समजून घ्या. मागांच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. माणसं हातांनी बोलतात. पाळी संपलेला माणूस मनगटावर दोनदा बोटं मारतो, म्हणजे माझे माग घे. दुसऱ्याने हात वर केला की घेतले. हात वर करणाऱ्याला मग त्याच्या जागी दुसरा कोणी येईपर्यंत हलता येत नाही.

पुढच्याने हात उचलला. मनगटावर बोटं मारली. एकदा. दोनदा.

आणि ललितने... सहा वर्षांची सवय... हात वर केला.

लाल दिवा विझला.

आवाज थांबला नाही. तो आता ललितच्या खालून येत होता.

सकाळी सातला दत्तूने त्याला बांधावरून ओढून काढलं. हँडलवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. सायकल आडवी झाली तरी त्याचे पाय फिरतच होते.

शर्यत त्याच्याशिवाय झाली. ललित आज बमरोलीतच आहे. त्याच मागांवर. रात्रपाळी तोच करतो, दिवसपाळीही तोच. झोपतो कधी, कोणाला माहीत नाही. मी जाऊन पाहिलं. दाराशी कोणी आलं की मनगटावर बोटं मारतो, दोनदा... आणि बघत राहतो. सगळ्यांना गोष्ट ठाऊक आहे. कोणीही हात वर करत नाही. शेठला काय, त्याचं काम होतंय.

सायकल दत्तूच्या झोपडीमागे पडून आहे. परवा पाहून आलो. वर्षभर खाऱ्या हवेत चेन गंजून लाल झाली आहे, सीट फाटली आहे. पण मागच्या चाकात, आऱ्यांच्या आतबाहेर, कापड विणलेलं आहे. पांढरं. घट्ट. त्याचं टोक शोधलं, सापडलं नाही.

रात्रभर दव पडलं होतं. सगळी सायकल ओली होती. मी कापडाला हात लावला...

कोरडं होतं. आणि गरम.